दुसऱ्यांचे वादन ऐकून गिटारवरची कॉर्डची मांडणी आणि गाणे बसवणे कसे शिकावे?

मोकळी_तार

नमस्कार. मी गेली चार वर्षे गिटार वाजवतो. उघड्या कॉर्ड (काही तारा मोकळ्या ठेवून), बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून), नेहमीचे ठेके आणि कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) लावून पट्टी बदलणे एवढे हातात बसले आहे, आणि कॉर्डची नावे लिहिलेला कागद समोर असेल तर बहुतेक गाण्यांना साथ करता येते. तरीही एक गोष्ट बरेच दिवस छळत होती. कॉर्डची नावे बरोबर, ठेका बरोबर, पट्टीही तीच, आणि तरी माझी साथ मूळ ध्वनिमुद्रणाच्या जवळपासही जात नव्हती.

म्हणून गेल्या महिन्यात मी एकच गाणे निवडले आणि तीन आठवडे दुसरे काही वाजवले नाही. कागदावर त्याच्या कॉर्ड चारच आहेत: जी, डी, ई मायनर आणि सी. वेग निम्मा करून ऐकल्यावर लक्षात आले की मूळ वादकाच्या वरच्या, म्हणजे सर्वांत बारीक, दोन तारांवरचे सूर चारही कॉर्डमध्ये बदलतच नाहीत. दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा डी आणि पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हे दोन सूर मुखडाभर तसेच वाजत राहतात, आणि खाली खर्जात जी, एफ शार्प, ई असे एकेक पायरी उतरून मग सीवर जाणे होते. म्हणजे अनामिका आणि करंगळी जागची हलत नाहीत, सगळी हालचाल उरलेल्या दोन बोटांची आणि अंगठ्याची आहे. डीच्या वेळी तर खर्जात एफ शार्प आणि वर जी असे शेजारचे दोन सूर एकाच वेळी वाजतात, पण त्यांच्यामध्ये दोन सप्तकांहून जास्त अंतर असल्यामुळे ते कानाला बोचत नाहीत, उलट त्या जागी गाण्याला एक हुरहुर येते. कागदावर या सगळ्यासाठी फक्त ‘डी’ एवढे एक अक्षर आहे.

हे कळल्यापासून मला वाटू लागले आहे की कॉर्डचे नाव ही फार अपुरी माहिती आहे. सी मेजर म्हणजे सी, ई आणि जी हे तीन सूर खरे, पण आपण सुरुवातीला शिकतो त्या उघड्या सीमध्ये पाच तारा वाजतात आणि त्यांत सी दोनदा, ई दोनदा आणि जी एकदा येतो. कोणता सूर दोनदा, कोणता एकदा, कोणता सर्वांत खाली आणि कोणता सर्वांत वर, हे सगळे नाव सांगत नाही.

येथील अनुभवी मंडळींना माझे तीन प्रश्न आहेत. ऐकताना कोणता सूर आधी शोधावा? अभ्यासासाठी वादक कसे निवडावेत? आणि जे सापडले ते स्वतः गाणे बसवताना कसे उपयोगात आणावे?

खर्जाचा_सा

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. आधी सर्वांत खालचा सूर, मग सर्वांत वरचा, आणि मधले सूर शेवटी. खालचा आणि वरचा सूर कानाला वेगळे काढता येतात, कारण त्यांच्या एका बाजूला दुसरे काही नसते. मधले सूर थेट ऐकू येतीलच असे नाही, ते बहुतेक वेळा तर्काने शोधावे लागतात. खाली सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट आणि वर पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट हे निश्चित झाले, की मध्ये हात कोठे पोहोचू शकतो याला मर्यादा पडते आणि शक्यता तीन-चारच उरतात.

एक फसगत मात्र प्रत्येकाची होते. एकाच तारेतून मूळ सुराबरोबर त्याचे वरचे स्वयंभू सूरही निघतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. गिटारवरही तसेच होते: पाचव्या तारेवर खालचा सी जोरात छेडला तर त्याच्या पाचव्या अंशस्वरात, म्हणजे दोन सप्तके आणि एक गंधार इतक्या अंतरावर, ई ऐकू येतो. मग आपण त्या कॉर्डमध्ये वादकाने न वाजवलेला ई लिहून ठेवतो. यावर माझा उपाय असा: संशयित सूर स्वतः वाजवून आणि वगळून, दोन्ही प्रकारे मूळ ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून पाहावा. वगळल्यावर जास्त जुळत असेल तर तो सूर वादकाने वाजवलेला नाही.

आणखी एक. आघाताच्या क्षणी सगळे सूर एकत्र आदळतात, त्या वेळी कान काही निवडू शकत नाही. कॉर्ड विरत जाते तो भाग ऐकावा. तारा वेगवेगळ्या वेगाने विरतात, मोकळी तार सहसा दाबलेल्या तारेपेक्षा जास्त वेळ वाजत राहते, आणि शेवटी जो सूर उरतो त्यावरून कोणती तार मोकळी होती हे कळते.

चार_मात्रा

वादक निवडण्याबाबत माझे मत थोडे आग्रही आहे. सुरुवात कमी सूर वाजवणाऱ्यांपासून करावी. फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये काउंट बेसी यांच्या जॅझ वाद्यवृंदात दाखल झाले आणि जवळजवळ अर्धे शतक तेथे वाजवत राहिले. त्यांचे काम म्हणजे प्रत्येक मात्रेला एक आघात, विद्युत-ध्वनिवर्धनाशिवाय, पितळी वाद्यांच्या एवढ्या मोठ्या ताफ्यामध्ये. त्यांच्या कॉर्डमध्ये तीनच सूर असत, आणि त्यांतलाही अनेकदा चौथ्या तारेवरचा एकच सूर स्पष्ट ऐकू येतो. बास वाजवणारा मूळ सूर देतच आहे, पियानो आणि पितळी वाद्ये वरचा भाग भरत आहेत, मग गिटारने नेमके काय द्यायचे याचे इतके काटेकोर उत्तर मी दुसऱ्या कोणाकडे ऐकलेले नाही.

त्या पद्धतीचा फायदा हातात कसा येतो हे एका उदाहरणाने सांगतो. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन हा क्रम तीन-तीन सुरांत वाजवा. डी मायनर सेव्हन: पाचव्या तारेवर ५ (म्हणजे पाचवा फ्रेट), चौथीवर ३, तिसरीवर ५, म्हणजे डी, एफ, सी. जी सेव्हन: सहाव्या तारेवर ३, चौथीवर ३, तिसरीवर ४, म्हणजे जी, एफ, बी. सी मेजर सेव्हन: पाचव्या तारेवर ३, चौथीवर २, तिसरीवर ४, म्हणजे सी, ई, बी. आता खर्ज विसरून फक्त तिसरी आणि चौथी तार पाहा. पहिल्या बदलात एफ जागेवर राहतो आणि सी एक फ्रेट उतरून बी होतो. दुसऱ्या बदलात बी जागेवर राहतो आणि एफ एक फ्रेट उतरून ई होतो. एका वेळी एकच सूर आणि तोही अर्ध्या स्वराने हलतो, आणि तेवढ्याने संपूर्ण स्वरसंगतीची दिशा कानाला कळते. मूळ सुरापासूनचा पाचवा सूर (पंचम) कोठेच नाही आणि त्याची उणीव भासत नाही.

हे तीन आकार पुस्तकातूनही पाठ करता येतात. पण एखादा वादक गाणे चालू असताना त्यांचा उपयोग कोठे करतो आणि कोठे टाळतो हे ऐकल्यावरच ते आपले होतात.

कागद_आणि_कान

मी येथे थोडा विरोधी सूर लावतो. धाग्यात सर्वांचा कल फक्त कानाने शोधण्याकडे दिसतो. मी नोकरी सांभाळून रोज चाळीस मिनिटे वाजवतो, आणि एका कॉर्डसाठी तीन दिवस घालवणे मला परवडत नाही. लिहिलेली टॅब (कोणत्या तारेवर कोणता फ्रेट हे आकड्यांत दाखवणारी लिपी) आणि वादकाचा हात दिसणारी चित्रफीत उपलब्ध असताना ती न पाहण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. चित्रफितीत तर अंगठा मानेवरून सहाव्या तारेवर आला आहे हे सरळ दिसते. जिमी हेंड्रिक्स खर्जाचा सूर अंगठ्याने दाबत आणि त्यामुळे त्यांची बाकीची बोटे कॉर्ड धरून असतानाच वरच्या तारांवर छोट्या हरकती घ्यायला मोकळी राहत. नुसत्या ऐकण्याने मी हे वर्षभर शोधले असते आणि तरी बार कॉर्डच धरून बसलो असतो.

खर्जाचा_सा

आपले म्हणणे हाताच्या बाबतीत मला पूर्ण मान्य आहे. टॅबच्या बाबतीत एकच सावधगिरी सुचवतो. टॅब लिहिणाऱ्याला सूर बरोबर सापडतात, पण जागा चुकते, आणि ही चूक फार आढळते. दुसऱ्या तारेचा मोकळा बी आणि तिसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवरचा बी यांची उंची एकच आहे, पण पोत निराळा आहे. पुढच्या कॉर्डकडे हात कसा जाईल हेही त्या जागेवरूनच ठरते. म्हणून आधी स्वतः चार ओळी ऐकून लिहाव्यात, मग टॅबशी ताडून पाहावे, आणि जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथेच वेळ घालवावा. चाळीस मिनिटांत हे बसते.

उलटी_जुळणी

आणखी एका कारणाने माणसे महिनोन्‌महिने अडकतात, ते म्हणजे तारांची जुळणी. आपण सहावीपासून पहिलीपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई असे धरून चालतो आणि मूळ वादकाने तसे लावलेलेच नसते. अमेरिकन सोल गायक-गिटारवादक कर्टिस मेफील्ड यांची गिटार एफ शार्प, ए शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, एफ शार्प अशी लावलेली असे, म्हणजे पियानोच्या काळ्या पट्ट्यांवरचे सूर. त्यांच्या साथीतील नाजूक दुसुरी हरकती आपल्या जुळणीत शोधू गेल्यास बोटांची ओढाताण होते, आणि त्यांच्या जुळणीत त्याच गोष्टी सहज हाताखाली येतात. ‘रोलिंग स्टोन्स’चे कीथ रिचर्ड्स यांनी सहावी तार काढूनच टाकली आणि उरलेल्या पाच जी, डी, जी, बी, डी अशा लावल्या. कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांना लहानपणी पोलिओ झाला होता, त्यामुळे डाव्या हातात ताकद कमी होती, आणि त्यांनी कितीतरी निरनिराळ्या जुळण्या वापरल्या, ज्यांत एक-दोन बोटांनी अशा कॉर्ड मिळतात ज्यांना नाव देताना सिद्धान्त जाणणाराही थबकतो.

ओळखायचे कसे? एखाद्या अवघड कॉर्डमध्ये मोकळ्या तारांसारखे लांब घुमणारे सूर ऐकू येत असतील आणि आपल्या जुळणीत ते मोकळे मिळतच नसतील, तर कॅपो, अर्धा स्वर उतरवलेली गिटार किंवा वेगळी जुळणी यांपैकी काहीतरी आहे. आधी सर्वांत खालचा सूर पाहावा. नेहमीच्या जुळणीत मोकळ्या ईच्या खाली काही वाजूच शकत नाही, म्हणून ई फ्लॅट किंवा डी खर्जात ऐकू आला की निदान सहावी तार उतरवली आहे हे निश्चित.

मोकळी_तार

सर्वांचे मनापासून आभार. या आठवड्यात मी ‘चार_मात्रा’ यांनी दिलेले तीन आकार आणि ‘खर्जाचा_सा’ यांची विरत जाणारी कॉर्ड ऐकण्याची रीत, दोन्ही करून पाहिले. दुसऱ्या रीतीने मला एक गोष्ट सापडली जी आधीच्या तीन आठवड्यांत सुटली होती. त्या गाण्यातील जीमध्ये पाचवी तार वाजतच नाही. मी सहावीवर ३ आणि पाचवीवर २ दाबून खालचे जी आणि बी दोन्ही वाजवत होतो. मूळ वादक मधल्या बोटाच्या कडेने पाचवी तार बंद ठेवतो. खर्जातला तो बी निघून गेल्यावर कॉर्ड एकदम स्वच्छ झाली, जणू मातीचा थर धुऊन निघाला.

आता नवी अडचण. मी एका गायिकेच्या साथीला एक संथ गाणे बसवतो आहे. पट्टी सी. मुखड्याच्या शेवटी ती तार षड्ज धरते आणि मी तेथे सी मेजर सेव्हन वाजवतो, चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत ५-५-५-७. स्वतंत्रपणे ही कॉर्ड मला फार आवडते. पण तिच्या आवाजाखाली काहीतरी घासल्यासारखे होते, आणि तिलाही सूर धरताना त्रास होतो असे तिने सांगितले.

आतला_सूर

आपण दिलेल्या आकारात वर ७ वर बी आहे आणि गायिका त्याच्या लगेच वरचा सी धरते आहे. दोघांत अर्ध्या स्वराचे अंतर आहे, म्हणून घासते. पहिल्या तारेवरचे बोट ७ वरून ५ वर आणा, ५-५-५-५. बी जाऊन ए येईल, कॉर्ड सी सिक्स होईल, आणि तिच्या सुराखाली मोकळी जागा राहील. मेजर सेव्हनचा रंग हवाच असेल तर तिचा सूर थांबल्यानंतर, श्वास घेण्याच्या जागी, बोट परत ७ वर न्या. तो बी मग उत्तरासारखा येतो.

खर्जातील जी आणि बी यांच्या बाबतीत: मूळ सूर ते गंधार असे जवळचे अंतर जितके खाली वाजवाल तितके ते गढूळ होते, कारण तेथे दोन्ही सुरांचे वरचे अंश एकमेकांत मिसळून कंप निर्माण करतात. म्हणून जाणकार वादक खाली अंतर मोठे ठेवतात, मूळ सूर आणि पाचवा किंवा मूळ सूर आणि सातवा, आणि गंधार वर नेतात. हे एकदा ध्यानात आले की कोणाचेही वादन ऐकताना ‘याने गंधार कोणत्या तारेवर ठेवला आहे’ हा प्रश्न आपोआप मनात येतो. माझ्या मते कॉर्डचा अभ्यास या एका प्रश्नाने सर्वांत वेगाने पुढे जातो.

काही वेळा गंधार ठेवलेलाच नसतो. १९७९ च्या सुमाराचे ‘द पोलीस’ या त्रिकुटातील अँडी समर्स यांचे वादन ऐका. सी शार्प, जी शार्प, डी शार्प, म्हणजे पाचव्या तारेवर ४, चौथीवर ६, तिसरीवर ८. पाचव्यावर पाचवा रचलेला. कोमल की शुद्ध हे कॉर्ड सांगत नाही, ते गायकाचा सूर सांगतो. एक गिटार, एक बास आणि ढोल एवढ्यावर तो वाद्यवृंद भरलेला वाटतो, यात या पसरट मांडणीचा वाटा मोठा आहे.

आता ५-५-५-७ या आकाराचे मूळ सांगतो, कारण ते समजले तर असे आकार पाठ करावे लागत नाहीत. सी, ई, जी, बी हे चार सूर लगोलग रचले तर वरून दुसरा जी आहे. तो एक सप्तक खाली टाकला की जी, सी, ई, बी असा क्रम होतो आणि तोच आपला आकार. गिटारवर याची गरज का पडते? ई, जी, बी, सी अशी लगोलग रचना चौथ्या तारेपासून दाबून पाहा: १४-१२-१२-८. हात पोहोचणार नाही. पण वरून दुसरा बी खाली टाका, बी, ई, जी, सी, म्हणजे ९-९-८-८, आणि कॉर्ड दोन फ्रेटमध्ये बसली. पियानोवादक जे एका हाताखाली दाबतो ते गिटारवादकाला असे उलगडून घ्यावे लागते. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी यांच्या वादनात अशा उलगडलेल्या कॉर्ड भरपूर ऐकायला मिळतात, आणि त्यांचा वरचा सूर नेहमी चालीचा असतो. त्यांच्या एकल वादनाची चढणही अभ्यासण्यासारखी आहे: आधी एकेरी सूर, मग सप्तकाच्या जोड्या, मग पूर्ण कॉर्ड. हे संयोजनच आहे, एकाच वाद्यावर केलेले.

दोन_गिटारी

तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे गाणे बसवण्याकडे अजून कोणी फारसे वळलेले नाही, म्हणून मी लिहितो.

मी एखादे ध्वनिमुद्रण अभ्यासतो तेव्हा कॉर्ड लिहिण्याच्या आधी कागदावर आडव्या रेषा ओढतो, प्रत्येक वाद्याला एक, आणि उभे भाग पाडतो: सुरुवात, मुखडा, अंतरा, मधले संगीत, शेवट. मग फक्त एवढेच भरतो की कोणत्या भागात कोण वाजते आणि कोण गप्प आहे. पहिल्यांदा हे केले तेव्हा मला धक्का बसला होता. ज्या गिटारीसाठी ते गाणे मला आवडत होते, ती पहिल्या अंतऱ्यात संपूर्ण गप्प होती. मी ते गाणे वाजवताना पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत अखंड स्ट्रमिंग करत असे, आणि मुखडा परत आल्यावर तो उठत का नाही याचे मला कोडे पडत असे.

गिटारवादक नाइल रॉजर्स यांचे ‘शिक’ या डिस्को वाद्यवृंदातील वादन या दृष्टीने पुन्हापुन्हा ऐकावे. वरच्या तीन-चार तारांवर छोट्या कॉर्ड, डावा हात सैल सोडून तोडलेले सूर, आणि खाली बर्नार्ड एडवर्ड्स यांच्या बासला संपूर्ण मोकळे मैदान. गिटार खाली उतरतच नाही. तसेच ब्राझीलचे बोसा नोव्हा गायक-गिटारवादक जुआव जिल्बेर्तो यांचे एकट्या गिटारीवरचे काम: अंगठा मात्रेवर बास देतो आणि उरलेली बोटे तीन-चार तारा एकदम छेडून मात्रेच्या आधी-मागे पडतात. एकाच हातात दोन वाद्यांची वाटणी झालेली आहे. आपण एकट्याने साथ करणार असाल तर दुसरे उदाहरण जवळचे, आणि बास वाजवणारा सोबत असेल तर पहिले.

दोन गिटारी असतील तर दोघांनी एकच आकार वाजवू नये, हे मी ठामपणे सांगेन. पट्टी जी असेल आणि एक जण खाली उघड्या जी, सी, डी वाजवत असेल, तर दुसऱ्याने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून डी, जी, ए यांचे आकार वाजवावेत. सूर तेच जी, सी, डी निघतील, पण वरच्या भागात, वेगळ्या मोकळ्या तारांसह. सातव्या फ्रेटवर कॅपो आणि सी, एफ, जीचे आकार हाही पर्याय आहे. कोणता घ्यावा हे गायकाचा आवाज कोठे फिरतो त्यावर ठरवावे.

यावरून ऐकण्याबाबतही एक इशारा. ध्वनिमुद्रणातील सगळे सूर एकाच गिटारीत शोधू नका. बीटल्सच्या १९६४ च्या एका सुप्रसिद्ध गाण्याच्या आरंभीची एकच कॉर्ड कितीतरी लोकांनी एका गिटारीवर बसवण्याचा प्रयत्न केला, पण त्या क्षणी जॉर्ज हॅरिसन यांची १२ तारांची गिटार, पॉल मॅकार्टनी यांचा बास आणि जॉर्ज मार्टिन यांचा पियानो असे सगळे एकत्र वाजतात. त्या ध्वनीला एका हाताचा आकार नाहीच. हेडफोनचा एकेक कान आळीपाळीने ऐकला तर पुष्कळदा दोन गिटारी वेगळ्या निघतात.

कागद_आणि_कान

हे सगळे पटते, पण एक शंका राहते. इतक्या बारकाईने दुसऱ्यांचे उतरवून घेत राहिलो तर आपले स्वतःचे काय उरते? माझ्या ओळखीत एक जण आहे, जो एका वादकाचे सगळे हुबेहूब वाजवतो, आणि अनोळखी चाल दिली की त्याला एक ओळही सुचत नाही.

आतला_सूर

शंका रास्त आहे, आणि मला वाटते तिचे मूळ एकाच वादकाला धरून बसण्यात आहे. हेंड्रिक्स यांच्या नाजूक साथीमागे कर्टिस मेफील्ड यांचे वादन स्पष्ट ऐकू येते, पण दोघांची जुळणी वेगळी होती, त्यामुळे आकार जसेच्या तसे घेणे शक्यच नव्हते. घेता आले ते एवढेच, की कॉर्ड धरलेली असताना तिच्या आतले सूर हलवत ठेवायचे. मीही तसेच करतो. एका वादकाकडून एक गोष्ट शोधली की ती त्याच दिवशी निदान दोन वेगळ्या पट्ट्यांत आणि एका अशा गाण्यात लावतो ज्याचा मूळ गाण्याशी काही संबंध नाही. उदाहरणार्थ, ‘मोकळी_तार’ यांना सापडलेले ते वरचे दोन स्थिर सूर. सी पट्टीत ते कोणते होतील? दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर जी आणि पहिल्या तारेच्या आठव्या फ्रेटवर सी. त्याखाली सी, बी, ए, एफ असा खर्ज कोठून आणता येईल हे शोधताना जे आकार हाताला लागतात ते कोणाच्याही ध्वनिमुद्रणात नसतात.

मोकळी_तार

काल रात्री ५-५-५-५ वाजवले. गायिकेने मध्येच थांबून विचारले की काय बदलले. तिला सूर धरणे सोपे झाले, आणि मला पहिल्यांदा असे वाटले की माझी गिटार तिच्या आवाजाला जागा करून देते आहे. सी पट्टीतला तो शोधही सुरू केला आहे, त्यात एफपाशी अडलो आहे, पण तो माझा मीच सोडवेन.

‘दोन_गिटारी’ यांच्याप्रमाणे रेषा ओढून माझ्या पहिल्या गाण्याचा नकाशाही केला, आणि त्यात एक जागा कळत नाही. दुसऱ्या अंतऱ्यात ई मायनरकडून सीकडे जाताना मध्ये क्षणभर खर्जात डी ऐकू येतो, पण डीची कॉर्ड वाजल्यासारखे वाटत नाही. वरचे डी आणि जी तसेच आहेत. शिवाय त्या ई मायनरमध्ये सहावी तारही ऐकू येत नाही.

खर्जाचा_सा

सहावी तार ऐकू येत नाही हीच खूण आहे. तो ई सहाव्या तारेचा नसून चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा असावा. तेथून बोट उचलले की चौथी तार मोकळी होऊन डी वाजतो, आणि पुढे पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सी. ई, डी, सी अशी सरळ उतरण मिळते. पडताळा असा घ्या: त्या डीला पिकचा नवा आघात आहे का ते ऐका. आघात नसेल आणि सूर थोडा मऊ, नुसत्या बोटाच्या ओढीने आल्यासारखा वाटत असेल, तर तो चौथ्या तारेवरूनच आला आहे.

मोकळी_तार

आघात नाही. दहा वेळा ऐकले, डी बोट उचलूनच येतो. आणि आता ती जागा माहीत झाल्यावर लक्षात येते आहे की पहिल्या अंतऱ्यात त्याच ठिकाणी तो हे करत नाही, तेथे सहाव्या तारेचा ई तसाच घुमत ठेवतो. आज पहिला अंतरा पुन्हा उतरवायला घेतो.